नाल्यापलीकडची बाग

मला नाल्यापलीकडच्या बागेचा मत्सर वाटतो, असं आमच्या सुयोग कॉलनीत बोललं जातं. हे साफ खोटं आहे. मला त्या बागेबद्दल काहीही वाटत नाही. रोज चार ते सहा मी दुर्बीण घेऊन गच्चीवर उभा असतो तो पक्षी पाहायला. नाल्यावर बगळे येतात. बगळे नसले की नाइलाजाने पलीकडची बाग दिसते, आणि बागेत आमची सुनंदा दिसते.

दुखणं असलं तर तेवढंच आहे. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली आणि माझी बायको माझ्या बागेत बसत नाही.

माझी म्हणजे कॉलनीची. ले-आउटमध्ये जी मोकळी जागा सोडावी लागते, तिच्यावर महापालिकेने चार वर्षांपूर्वी बाग केली आणि मी सरकारी नोकरीतून उपअभियंता म्हणून मोकळाच झालो होतो, तेव्हा बागेचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं. बाग पाहण्यासारखी आहे. चारही बाजूंनी लोखंडी कुंपण, मधोमध हिरवळ, हिरवळीच्या मधोमध कारंजं. कारंजं पाहुणे आले की उडतं. आजवर दोनदा उडालं, दुसऱ्या वेळी पाहुणेच भिजले. फाटकाशी चौदा सूचनांचा फलक आहे, तो मी स्वतः तयार केला. हिरवळीवर चालू नये, हिरवळीवर बसू नये, बागेत खाऊ नये, आणि अकरावी माझी आवडती सूचना, विनाकारण बसू नये. किल्ली माझ्या खिशात असते, दुसरी वॉचमनकडे. त्यामुळे बाग चार वर्षांत जशीच्या तशी राहिली आहे. जळगावात दुसरी अशी बाग दाखवा.

तर दोन वर्षांपूर्वी धुळ्याची एक मुलगी आली. कामिनी नाव. शहरं कशी असावीत याचं शिक्षण घेऊन आली होती. जळगावची बाग करायला धुळ्याची मुलगी, इथूनच मला शंका यायला हवी होती. तिने वॉर्डाच्या सभेत भिंतीवर नकाशा लावला.

"नाल्याच्या अलीकडे पाच बागा आहेत," ती म्हणाली, "आणि पलीकडे तोताराम नगरात एकही नाही. माणसं मात्र पलीकडे तिप्पट आहेत. म्हणून या वेळचा निधी पलीकडे."

मी उभा राहिलो. "मॅडम, आमच्या बागा आहेतच की. त्या त्यांनी वापराव्यात."

"तुमच्या बागेला कुलूप असतं ना, नाना?"

"मागितली तर किल्ली मिळते."

"कुणाला?"

"कुणालाही. अर्ज करावा लागतो."

सभा हसली. का हसली ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मग त्या मुलीने जो प्रकार केला तो चौतीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिला नव्हता. बाग करायची म्हटल्यावर माणूस आधी आराखडा काढतो. हिने विटा आणल्या. ट्रॅक्टरभर विटा. तोताराम नगरातल्या प्रत्येक माणसाला एकेक वीट दिली, तीवर खडूने त्याचं नाव लिहिलं आणि सांगितलं, "या जागेत तुम्हाला जिथे बसावंसं वाटतं तिथे ठेवा. पंधरा दिवस राहील. मन बदललं तर हलवा." लोक जिथून चालत होते तिथे तिने चुन्याची फक्की टाकली. म्हणजे बाग होण्याआधीच माणसं बागेत चालू-बसू लागली होती. कामाच्या क्रमाचा इतका उघड भंग झाला आणि कुणी हरकत घेतली नाही.

एकदा ती पाणी प्यायला आमच्या ओट्यावर टेकली. सुनंदाने तांब्या दिला.

"नानी, तुम्ही बसता कुठे?" तिने विचारलं.

"मी ना? इथं ओट्यावर. नाहीतर गॅसपाशी."

"बागेत?"

"बागेत मी डबा द्यायला जाते. यांना."

कामिनीने पिशवीतून वीट काढली आणि तीवर लिहिलं, 'सुनंदा'. नुसतं सुनंदा. पुढे बाई नाही, मागे माझं नाव नाही. सुनंदा त्या विटेकडे पाहतच राहिली. नंतर ती वीट पदराखाली घेऊन पूल ओलांडून गेली, जशी काही चोरून न्यायची वस्तू होती.

"मला नाही का वीट?" मी सहज विचारलं.

"नाना," कामिनी म्हणाली, "तुमच्याकडे अख्खी बाग आहे."

बाग झाली. मी एकदा दुपारी बाराला, कुणी नसताना, टेप घेऊन जाऊन आलो. हेतू निव्वळ तांत्रिक होता. दोष पुढीलप्रमाणे आढळले. रस्ता वाकडा आहे, कारण पायवाट आधीपासून वाकडी होती. हिरवळ नाही, माती आहे, कारण मुलांनी माती मागितली. ओटे दोन उंचीचे आहेत, गुडघे दुखणाऱ्यांना उंच आणि बाकीच्यांना बुटके, त्यामुळे एकसारखेपणा नाही. बायकांचं स्वच्छतागृह मागे लपवण्याऐवजी पुढे दिव्याखाली घेतलं आहे आणि त्याला आतून कडी आहे, पाणीही आहे. मी नळ तीनदा सोडून पाहिला. एक भलामोठा उघडा ओटा आहे, त्यावर उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळतात. सरकारी जागेत बिबडे! भाजीच्या हातगाड्यांना सावलीत जागा आहे. फाटक नाही. आणि सगळ्यात गंभीर बाब म्हणजे, संपूर्ण बागेत कुणा अध्यक्षाचं नाव कुठेही लिहिलेलं नाही.

सुनंदा तिथे रोज जाऊ लागली. एप्रिलमध्ये आमची मोठी पातेली गेली, पाट गेला, नंतर छत्री गेली. संध्याकाळी बिबडे घरी आले. चवीला चांगले होते. मी तसं बोललो नाही.

दुर्बिणीतून आवाज येत नाही, पण हसणं दिसतं. तिच्या शेजारी कौतिक नावाची एक बाई बसते. केळीच्या वखारीत कामाला जाते आणि तिथून परस्पर बागेत येते. एकदा या कौतिकने हातवारे करून काहीतरी सांगितलं आणि सुनंदा मागे रेलून, तोंडाला पदर न लावता हसली. बेचाळीस वर्षांत मी तिला असं हसवलेलं नाही. मी प्रयत्न केला नाही हा भाग वेगळा. पण म्हणून दुसऱ्या कुणी येऊन परस्पर हसवावं, हे कोणत्या नियमात बसतं?

संध्याकाळी मी विषय काढला. "काय सांगत होती ती?"

"कोण?"

"ती कौतिक."

"तुम्हाला काय माहीत ती काही सांगत होती?"

"मी बगळे पाहत होतो."

"हं. तेच सांगत होती," सुनंदा म्हणाली. "नाना गच्चीवर बगळे कसे पाहतात, ते करून दाखवत होती."

त्या रात्री मी जेवलो नाही. म्हणजे भाकरी खाल्ली, पण दूध घेतलं नाही.

मग मी सलग चार दिवस, कुणीही अर्ज केलेला नसताना, चारच्या ठोक्याला आमच्या बागेचं फाटक उघडून बसलो. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक बकरी आली. आमचा वॉचमन उखर्डू तिच्या मागे मागे फिरला आणि मला येऊन म्हणाला, "साहेब, तिले सूचना वाचून दाखवू का?" चौथ्या दिवशी बकरीही आली नाही. फाटकातून सरळ समोर पूल दिसत होता, आणि पुलावरून सुनंदा जाताना दिसत होती. तिने मान वळवून हात केला. मला नाही, बकरीला. बकरी पुलाच्या टोकाशी उभी होती.

तेव्हा मला बाकाची कल्पना सुचली.

आमच्या बागेत सिमेंटचे सहा बाक आहेत, सगळे देणगीदारांच्या नावाचे. सुनंदाच्या नावाचा एक बाक बसवावा, कारंज्यासमोर, अगदी मोक्याच्या जागी. नाव पाहिलं की माणूस तिथे बसतोच. विटेवरचं नाव पंधरा दिवसांत पुसलं गेलं असेल, हे सिमेंटमध्ये राहील. ही गोष्ट जळगावात केली असती तर दुपारपर्यंत कॉलनीला कळली असती, म्हणून मी एसटीने धुळ्याला गेलो. तिथे लखीचंद शेठांचा बाक घडवायचा मोठा कारखाना आहे. आवारात ओळीने ओले बाक उभे होते. शेठ पांढऱ्या कपड्यांत गादीवर बसले होते, त्यांचा मुलगा अखिल वही घेऊन शेजारी.

"कोणासाठी, साहेब?" शेठांनी हळू आवाजात विचारलं.

"बायकोसाठी."

शेठांनी चष्मा काढला. अखिलला खूण करून चहा सांगितला. "नाव?"

"सौ. सुनंदाबाई जीवराम भंगाळे."

"वय काय, साहेब?"

"चौसष्ट."

"चौसष्ट म्हणजे काहीच नाही."

"मीपण तिला तेच सांगतो."

शेठांनी माझ्या हातावर हात ठेवला. मग म्हणाले, "सांगत राहायचं, साहेब. त्यांना ऐकू जातं."

माणूस फारच मायाळू वाटला. गुडघे सोडले तर तिचे कान, डोळे सगळं उत्तम आहे, असं मी सांगणार होतो, पण तेवढ्यात चहा आला.

"खालची ओळ नेहमीचीच ना?" अखिलने विचारलं.

"नेहमीचीच," मी म्हणालो. चौतीस वर्षं मी प्रत्येक कागदावर नेहमीप्रमाणे असंच लिहीत आलो आणि कधी कुणाचं काही बिघडलं नाही.

"तयार झाला की टेम्पोने पाठवतो," शेठ म्हणाले आणि मला दारापर्यंत सोडायला आले. इतका मान मला खात्यातसुद्धा मिळाला नव्हता.

नोव्हेंबर उजाडला. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. त्या दिवशी पलीकडच्या बागेत भरीत होतं. सुनंदा अकरालाच हिरव्या वांग्यांची टोपली घेऊन गेली. फोन नेहमीप्रमाणे घरी फ्रिजवर. "तुम्ही पण या," जाताना ती म्हणाली. मी म्हणालो, "मला कामं आहेत." आणि घराला कुलूप घालून बँकेत गेलो.

तिथे यंत्र माझा अंगठा घेईना. चारदा नाकारला. मी जिवंत आहे हे साहेबांना समोर दिसत होतं, पण यंत्राला पटत नव्हतं. पाचव्यांदा पटलं तोवर चार वाजत आले होते.

रिक्षातून उतरलो आणि पाहिलं तर आमच्या बागेचं फाटक सताड उघडं होतं आणि बागेत माणसं बसली होती. साठ तरी असतील. हिरवळीवर! सूचना क्रमांक दोनचा भंग होत होता आणि मला तो अतिशय गोड वाटत होता. चार वर्षांत बाग पहिल्यांदा भरली होती. पलीकडे कधी साठ माणसं एकदम बसली होती का? मी चालता चालता मोजू लागलो.

मोजताना लक्षात आलं की कुणी बोलत नाही. पुरुषांच्या डोक्यावर टोप्या होत्या. बायका एका बाजूला बसल्या होत्या. समोरच्या बंगल्यातल्या लाडकुंवरबाई उठून माझ्याकडे आल्या, त्यांचे डोळे सुजले होते.

"नाना," त्या म्हणाल्या, "सुनंदाबेन अशा कशा हो गेल्या? आणि आम्हाला कळवलंसुद्धा नाही?"

मी सकाळी अकराला पाहिलेली सुनंदा माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. टोपली कमरेवर. तुम्ही पण या, म्हणाली होती.

मी काही विचारलं नाही. मी पळालो. पूल शंभर पावलांचा आहे, मी तो अधिकाऱ्याच्या नजरेने अनेकदा मोजला आहे, त्या दिवशी तो संपेना. एक चप्पल पुलावरच राहिली. नवस आठवेना, देवाचं नाव आठवेना. एवढंच डोक्यात होतं की फ्रिजवर तिचा फोन आहे, आणि मी नाही म्हणालो होतो.

बागेत धूर होता. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती आणि धुरात एक बाई वाकून फुंकर घालत होती. तिने मान वर केली.

"अहो, तुमची दुसरी चप्पल कुठंय?" सुनंदा म्हणाली.

मी मातीतच बसलो.

"नाना, काय व्हयनं? पयत कसाले उनात?" मला पळत आलेलं पाहून कौतिकने विचारलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तो तिच्या हातून घेतला. एरवी घेतला नसता.

"तू गेलीस म्हणतात," मी सुनंदाला म्हणालो.

"कुठं?"

मी नुसता पलीकडे हात केला. तेव्हा सुनंदा, कौतिक आणि वांगी भाजणाऱ्या सगळ्या बायका, हाताला राख तशीच, पूल ओलांडून निघाल्या. तोताराम नगरच्या बायका आमच्या बागेत पहिल्यांदाच शिरत होत्या. अर्ज कुणीच केलेला नव्हता. उखर्डूने सुनंदाला पाहिलं आणि तो कारंज्यामागे गेला. लाडकुंवरबाईंच्या तोंडून आवाज फुटेना. गर्दी बाजूला झाली आणि बाक दिसला. बाक सुरेख होता. पाठीवर ठसठशीत अक्षरं होती: 'कै. सौ. सुनंदाबाई जीवराम भंगाळे यांच्या स्मरणार्थ'.

नेहमीचीच ओळ. लखीचंद शेठांच्या कारखान्यात जिवंत माणसाच्या नावाचा बाक आजवर कुणी मागितलेला नव्हता. आमच्या बागेतल्या सहा बाकांवरही तेच लिहिलं आहे. रोज पुसून घेतो मी ते, पण वाचत कोण बसतं?

"टेम्पोवाला दुपारी उतरवून गेला," उखर्डू कारंज्यामागून म्हणाला. "मी वाचलं. मंग सगळ्यायनं वाचलं. घराले कुलूप, नानीचा फोन कोनी उचले ना, तुमचा लागे ना."

"अरे पण कुणी पलीकडे जाऊन पाहायचं!" मी ओरडलो.

पलीकडे जाऊन पाहावं असं साठ माणसांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. नानी दोन-चार महिन्यांत कॉलनीत कुणाला दिसल्याच नव्हत्या, त्यावरून सर्वांनी धरलं की पुण्याला मुलाकडे गेल्या असतील आणि तिकडेच आटोपलं असेल. "बाकपण लगेच तयार?" अशी शंका एकाने काढली होती, तेव्हा दुसरा म्हणाला होता, "नानांचं काम वेळच्या वेळी असतं."

लाडकुंवरबाईंना आता आवाज फुटला होता आणि त्या सुनंदावरच चिडल्या होत्या. "मी दोंडाईच्याला माहेरी फोन करून सांगून बसले! चार जणी रडल्या तिकडे! आता त्यांना काय सांगू?"

"सांगा, भरीत खायला थांबली होती," सुनंदा म्हणाली. ती बाकावर बसली. डावीकडे सरकून पाहिलं, उजवीकडे सरकून पाहिलं, पाठ टेकून पाहिली. मी जवळ उभा होतो. साठ माणसं आणि वर बाराएक राखेच्या हातांच्या बायका आमच्याकडे पाहत होत्या.

"तुम्ही केला का हा?"

"तू इथं बसावंस म्हणून," मी म्हणालो.

"मग तसं म्हणायचं ना."

"म्हटलं असतं तर बसली असतीस?"

तिने विचार केला. "नाही," ती म्हणाली. "इथून कोणी येता-जाता दिसत नाही. त्या कारंज्याकडे मी किती वेळ पाहू?"

मी मान खाली घातली. तिची उत्तरं नेहमी तांत्रिकदृष्ट्या बिनचूक असतात.

"बदलून आणतो," मी म्हणालो.

"राहू द्या. इथं जिवंत माणूस तसंही बसत नाही." मग ती उठली आणि लोकांकडे वळून मोठ्याने म्हणाली, "जमलेच आहात तर जेवून जा सगळे. माझ्यासाठी आलात, उपाशी काय परत जायचं."

"बठ्ठा वांगा कोयसा व्हई जातीन, चला!" विस्तवावरच्या वांग्यांच्या काळजीने कौतिक ओरडली आणि पुढे झाली. आणि सुयोग कॉलनी तिच्या मागून निघाली. डोक्यावरच्या टोप्या काढायचंही कुणाला सुचलं नाही. ज्यांनी चार वर्षांत तो पूल पाहिला नव्हता ते आता एकमेकांचा हात धरून ओलांडत होते. हिरवळीवर साठ ठिकाणी गवत दबलं होतं. मी ते पाहत थोडा मागे राहिलो. फाटक लावायचं मात्र राहून गेलं.

पलीकडे पंगत बसली. हिरवं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात. मी उंच ओट्यावरची सुनंदाची जागा आधीच हेरून ठेवली होती, दुर्बिणीमुळे पाठच होती. पण तिच्या एका बाजूला कौतिक बसली होती आणि दुसऱ्या बाजूला लाडकुंवरबाई, ज्या अर्ध्या तासापूर्वी तिच्यासाठी रडल्या होत्या आणि आता तिचा हात सोडायला तयार नव्हत्या. पहिलं पान सुनंदाने लाडकुंवरबाईंना वाढलं, दुसरं कौतिकला. तिसरं उखर्डूला. मला वाटलं, मघाशी पुलावर माझी जी चप्पल राहिली ती निदान कुणी विचारात घेईल. मी माझं पान घेऊन हातगाडीपाशी उभ्याने जेवलो. भरीत चांगलं होतं. या वेळी मी तसं बोललो, पण ऐकायला शेजारी केळेवाला होता.

दुसऱ्या दिवशी मी साडेतीनलाच गेलो. ओट्यावर कुणी नव्हतं. सुनंदाच्या जागेच्या उजव्या हाताला मी माझा रुमाल टाकला, एसटीत टाकतात तसा, आणि बाजूला उभा राहिलो. चारला वखारीतून कौतिक आली. तिने रुमाल पाहिला, मला पाहिलं.

"नाना, आठे कोनाच नंबर नही."

"रुमाल माझा आहे," मी म्हणालो.

"रुमाल तुम्हना शे. ओटा कोना शे?"

चौदा सूचनांमध्ये हा प्रश्न कुठेच येत नाही. तेवढ्यात सुनंदा पुलावरून आली, तिने आमच्या दोघांकडे आणि मधल्या रुमालाकडे पाहिलं, रुमाल उचलून माझ्या हातात दिला आणि आपल्या जागी बसली. कौतिक तिच्या उजवीकडे टेकली. मी उभाच.

"सरक गं थोडी," सुनंदा कौतिकला म्हणाली. "माणूस उभा आहे केव्हाचा."

कौतिक सरकली, पण मनापासून नाही. दोघींच्या मध्ये अंदाजे सव्वा फूट जागा झाली. मला दीड फूट लागते. मी बसलो. कौतिकने माझ्या पोटावरून वाकून सुनंदाला वखारीतली काहीतरी गोष्ट सांगायला सुरुवात केली, आणि सुनंदा माझ्या पाठीमागून मान काढून ऐकू लागली.